आयव्हीएफच्या आधी सौम्य थायरॉईड विकाराचे काय करावे?

आयव्हीएफसारख्या (टेस्ट ट्यूब बेबी) वंध्यत्वाच्या उपचारासाठी लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठणाऱ्या स्त्रीच्या फाइलमध्ये थायरॉईडचा रिपोर्ट बहुधा पहिल्याच भेटीत लागतो. टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारे संप्रेरक) वाढलेले पण फ्री टी-४ (थायरॉईडचे स्वतःचे संप्रेरक) व्यवस्थित, अशी अवस्था असेल तर तिला सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम म्हणतात. यात अनेकींना काहीच त्रास जाणवत नाही, त्यामुळे थायरॉईडच्या गोळीचा निर्णय लक्षणांवरून न होता रिपोर्टवरून आणि उपचाराच्या टप्प्यावरून होतो.

एकाच रिपोर्टवर विसंबू नये. तपासणी पुन्हा करून घ्यावी आणि सोबत अँटी-टीपीओ या, म्हणजे शरीर स्वतःच्याच थायरॉईडविरुद्ध तयार करते त्या अँटिबॉडीचीही करावी. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर ते किमान दोन दिवस आधी थांबवावे, कारण त्याने आकडे चुकीचे येऊ शकतात. टीएसएच प्रयोगशाळेच्या वरच्या मर्यादेपलीकडे असेल, तर आयव्हीएफपूर्वी लिवोथायरॉक्सिन (थायरॉईड संप्रेरकाची गोळी) सुरू करून टीएसएच २.५ (mIU/L) च्या खाली आणावे, अशी अमेरिकन थायरॉईड असोसिएशनची २०१७ ची शिफारस आहे. टीएसएच २.५ आणि वरच्या मर्यादेच्या दरम्यान असून अँटिबॉडी नसतील, तर गोळीचा फायदा ठामपणे सिद्ध झालेला नाही. अँटिबॉडी असूनही थायरॉईडचे काम सुरळीत असलेल्या स्त्रियांना ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत रोज ५० मायक्रोग्रॅम हेच औषध दिले गेले. २०१९ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार त्याने जिवंत बाळ जन्मण्याचे प्रमाण वाढले नाही. तेव्हा ‘घेऊन ठेवू, काय बिघडतंय’ म्हणून डॉक्टरांकडे गोळीचा आग्रह धरू नये.

गोळी ठरलीच, तर सुरुवात बहुधा २५ ते ५० मायक्रोग्रॅमने होते आणि परिणाम साधारण सहा आठवड्यांनी तपासतात. आयव्हीएफमध्ये बीजकोशात जास्त बीजे वाढावीत म्हणून दिलेल्या इंजेक्शनांनी इस्ट्रोजेन (स्त्री-संप्रेरक) वाढते आणि त्यामागे टीएसएचही चढू शकते, म्हणून ही तपासणी इंजेक्शने सुरू होण्याआधीच उरकावी.

गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत घ्यावी. आपल्याकडे खरी अडचण दुधाच्या चहाची असते; चहाचे आधण ठेवण्याआधी गोळी घेतली आणि पुढे अर्धा ते एक तास थांबले, की ती अडचण सुटते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर हवे. एकादशीला किंवा नवरात्राच्या उपवासातही गोळी चुकवू नये. मराठवाड्यातल्या मे महिन्यात बाटली पत्र्याखालच्या फळीवर किंवा गॅसजवळ ठेवू नये.

गर्भधारणेचा रिपोर्ट आला की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. आधीपासून औषध चालू असेल, तर आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या घ्यायला अनेकदा सांगतात, आणि गर्भारपणाच्या मध्यापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच तपासतात. गर्भ राहिला नाही आणि इंजेक्शनांनंतर टीएसएच थोडे वर दिसले, तरी लगेच डोस बदलू नये. दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा तपासून मगच ठरवावे.