पगाराची स्लिप नाही, शुफा नाही: जर्मनीत पहिलं घर कसं मिळवायचं

जर्मनीत घरमालक साधारणपणे तीन कागद मागतो: शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, शुफाचा अहवाल, म्हणजे आपल्या सिबिलसारखी नोंद, आणि ‘यांचं भाडं थकलेलं नाही’ असं आधीच्या मालकाचं पत्र. पुण्याहून किंवा नागपूरहून नुकत्याच उतरलेल्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. म्हणून पहिल्याच महिन्यात स्वतंत्र फ्लॅटच्या मागे लागू नका. आधी सहा महिन्यांसाठी फर्निचर असलेली खोली घ्या, तिथून पुढचं घर शोधा.

विद्यार्थ्यांनी प्रवेशपत्र हातात पडताच श्टुडिरेंडनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी बघणाऱ्या संस्थेच्या, वसतिगृहासाठी अर्ज करावा. यादी लांब असते. ती हुकली तर वेगे, म्हणजे शेअर फ्लॅटमधली खोली. इथे निवड बहुधा आत राहणारेच करतात, आणि त्यांना शुफापेक्षा तुम्ही स्वयंपाकघर नीट ठेवाल का याची काळजी जास्त असते. मूळ भाडेकरू काही महिने बाहेर जाताना खोली देतो, तिला त्स्विशनमीटे म्हणतात. तिथे मालकाची लेखी परवानगी बघितल्याशिवाय सही करू नका. परवानगी नसेल तर मूळ भाडेकरूचा करार मोडू शकतो, आणि तुम्हीही बाहेर.

मालकाला खरं तर एवढंच जाणून घ्यायचं असतं, की भाडं दर महिन्याला येईल का. तुमची फाइल त्याला उत्तर देणारी हवी. प्रवेशपत्र किंवा सही झालेला नोकरीचा करार (पगार सुरू झाला नसला तरी तो चालतो), व्हिसा, शिष्यवृत्ती असेल तर तिचं पत्र, आणि शपेरकोंटोचा (दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा बँक खात्याचा) दाखला, सगळं एका पीडीएफमध्ये. शपेरकोंटोत वर्षाला ११,९०४ युरो अडकवले असतील तर महिन्याला ९९२ सुटतात. भाडं उत्पन्नाच्या एक तृतीयांशाच्या आसपास असावं, असा बऱ्याच मालकांचा हिशोब असतो. त्यामुळे ३५० ते ४०० च्या खोलीला होकार मिळू शकतो, ७०० च्या स्टुडिओला जवळजवळ नाहीच. बाबांची भारतातली हमी सहसा कामी येत नाही, कारण भाडं थकलं तर वसुली भारतात कशी करायची हा प्रश्न उरतो. जर्मनीत पगार घेणारा नातेवाईक हमीदार झाला तर वजन पडतं. शुफा नसल्याचं लपवू नका. ‘नुकताच आलो आहे, नोंद अजून तयार झालेली नाही’ असं जर्मनमध्ये सरळ लिहा. नोंद नसणं आणि नोंद वाईट असणं यात फरक आहे.

कागद नाहीत म्हणून जास्त डिपॉझिट देऊ करण्याचा मोह होतो. कायद्याने ते जास्तीत जास्त तीन काल्टमीटे, म्हणजे हीटिंग-पाण्याचा खर्च वगळून जे भाडं असतं त्याच्या तिप्पट. वार्ममीटेवर, म्हणजे हा खर्च धरून होणाऱ्या भाड्यावर, हिशोब करू नका. काल्टमीटे ४०० असेल तर १,२०० युरो, आणि तेही तीन समान मासिक हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे. पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. दलाली ज्याने दलाल नेमला त्याने द्यायची, हा नियम २०१५ पासून आहे.

फसवणुकीचा साचा जवळजवळ ठरलेला आहे: सुंदर फ्लॅट, शहराच्या मानाने निम्मं भाडं, मालक परदेशात, ‘डिपॉझिट पाठवा, किल्ली पोस्टाने येईल’. घर बघण्याआधी एक युरोही देऊ नका. स्वतः जाता येत नसेल तर त्या शहरातल्या ओळखीच्या मराठी माणसाला पाठवा, किंवा थेट व्हिडिओ कॉलवर मालकाला खाली दारावरच्या बेलच्या पाट्यांपर्यंत चालत जायला सांगा. आधीच रेकॉर्ड केलेला व्हिडिओ कामाचा नाही. पासपोर्टची प्रतही पहिल्या निरोपात देऊ नका. तीच वापरून तुमच्या नावाने पुढच्याला फसवतात.

होकार देण्याआधी एक प्रश्न विचाराच: आनमेल्डुंग होईल का? राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा फॉर्म लागतो. सही द्यायला तयार नसेल ती खोली स्वस्त असली तरी सोडा, कारण टॅक्स नंबर या नोंदणीनंतरच पोस्टाने येतो. तिथे पत्त्यात फ्लॅट नंबर बहुधा नसतो, पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. पेटीवर ‘कुलकर्णी’ लिहिलेलं नसेल तर पत्र परत जातं. किल्ली मिळाली की त्याच दिवशी पेटीवर आणि बेलवर नाव चिकटवा, पासपोर्टमधल्या स्पेलिंगनेच.

सामान आत नेण्याआधी मालकासोबत उबरगाबेप्रोटोकोल, म्हणजे घर ताब्यात घेतानाच्या स्थितीची नोंद, भरा: मीटरचे आकडे, किल्ल्या किती, भिंतीवरचे ओरखडे, बाथरूममधली बुरशी. प्रत्येकाचा फोटो काढा आणि दोघांच्या सहीची एक प्रत स्वतःकडे ठेवा. घर सोडताना डिपॉझिट कापण्यावरून वाद झाला तर हाच कागद दाखवायचा असतो.