आयर्लंडमध्ये दोघंच फिरताय? पहिला दिवस असा काढा

डब्लिनला उतरल्या उतरल्या थेट पार नैऋत्य टोकाच्या केरीपर्यंत गाडी मारायचा विचार सोडा, झोप झालेली नसते आणि मग मॅप कोणी बघायचा यावरून भांडणं होतात. पहिला दिवस विकलो काउंटीतल्या ग्लेंडलॉखच्या दरीत काढा, डब्लिनहून साधारण तासा-दीड तासावर आहे.

गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवायची, पण गावाकडचे रस्ते इतके अरुंद की दोन्ही बाजूंची झुडपं आरशाला घासतात, समोरून ट्रॅक्टर आला तर रुंद जागा बघून थांबायचं, तो रामराम म्हणून स्टिअरिंगवरचं एक बोट उचलेल, तुम्हीपण उचला. २०२५ पासून अशा लहान रस्त्यांवर लिमिट ८० ऐवजी ६० आहे.

एम५० या डब्लिनभोवतीच्या मोटरवेवर टोलनाका दिसतच नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि पैसे दुसऱ्या दिवशी रात्री ८ च्या आत भरावे लागतात, त्यामुळे ते आपण भरायचे की भाड्यात आहेत हे गाडी घेतानाच विचारा.

ग्लेंडलॉखला जुना मठ आणि साधारण ३० मीटर उंच गोल मनोरा बघा, मग वरच्या तळ्यापर्यंत आरामात चाला. तळ्यावरच्या स्पिंक कड्याची वाट भारी आहे पण तीन-साडेतीन तास जातात, ती दुसऱ्या दिवशी. ऊन असलं तरी रेनकोट गाडीत ठेवू नका, अंगावरच असू दे.