मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेसाठी तुमच्या खासदारांनी काय केलं, हे संसदेच्या नोंदींत कसं शोधावं

मुलाच्या हातात फोन किती वेळ द्यायचा, हे घरात ठरतं. त्या फोनमधलं ॲप मुलाची कोणती माहिती गोळा करू शकतं, त्याला जाहिराती कशा दाखवू शकतं, आणि त्याचा फोटो कुणी विकृत करून पसरवला तर शिक्षा किती, हे दिल्लीत ठरतं. ते ठरत असताना आपले खासदार काय करत होते, याची लेखी नोंद आहे. ती सार्वजनिक आहे आणि फुकट आहे. एखादी मोकळी संध्याकाळ आणि एक वही एवढ्या तयारीवर ती पाहता येते.

मी हे पहिल्यांदा करायला बसलो तेव्हा आधी मतदानाची नोंद शोधली. ती जवळजवळ नव्हतीच. खरा ऐवज प्रश्नांत होता. म्हणून या लेखात मतदानाला थोडी जागा आहे आणि प्रश्नांना भरपूर.

पायरी १: कोण आणि कुठपासून

आधी खासदाराचं नाव आणि सभागृह लिहा. लोकसभेच्या ५४३ जागांपैकी ४८ महाराष्ट्राच्या आहेत, तर राज्यसभेत राज्याचे १९ सदस्य असतात. राज्यसभेतल्या खासदारांकडे आपण सहसा पाहतच नाही. त्यांनाही प्रश्न विचारता येतात, तेव्हा त्यांचीही नावं काढा.

मग काळ ठरवा. सध्याच्या अठराव्या लोकसभेचं पहिलं अधिवेशन जून २०२४ मध्ये भरलं. खासदार त्याआधीही निवडून आले असतील, तर सतराव्या लोकसभेची म्हणजे २०१९ ते २०२४ ची नोंद वेगळी काढा. पोटनिवडणुकीत आलेल्यांचा काळ त्यांच्या शपथेपासून मोजा.

ते मंत्री असतील, तर त्या काळात त्यांच्या नावावर एकही प्रश्न दिसणार नाही. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. हजेरीपटावर त्यांची सहीही नसते. अशा वेळी शून्य पाहून निष्कर्ष काढणं अन्यायाचं होईल. त्यांच्या खात्याची उत्तरं वाचा.

पायरी २: मतदान पाहा, पण त्यावर विसंबू नका

संसदेत बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात. बाजूचे ‘होय’ म्हणतात, विरोधातले ‘नाही’ म्हणतात, आणि पीठासीन अधिकारी कौल जाहीर करतात. कोण काय म्हणालं, हे कुठेही लिहिलं जात नाही. त्या कौलाला सभागृहात आव्हान मिळून मतविभागणी झाली, तरच नावनिशीवार नोंद होते. घटनादुरुस्तीला मात्र विशेष बहुमत लागतं, त्यामुळे तिथे आकडे मोजले जातात. महिला आरक्षणाच्या घटनादुरुस्तीला २० सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतं पडली, हे आपल्याला म्हणूनच ठाऊक आहे.

मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेशी थेट संबंध असलेले अलीकडचे कायदे आता पाहा. बाललैंगिक अत्याचारविरोधी पोक्सो कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती, ऑगस्ट २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि ऑगस्ट २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा, हे तिन्ही आवाजी मतदानानं मंजूर झाले. लहान मुलांच्या लैंगिक चित्रणाला शिक्षा सांगणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब २००८ च्या दुरुस्तीनं आलं. ते दुरुस्ती विधेयक डिसेंबर २००८ मध्ये सभागृहातल्या गोंधळात संमत झालं.

म्हणून ‘आमच्या खासदारांनी या कायद्याच्या बाजूनं मत दिलं’ असा दावा कुणी केला, तर त्याला मतविभागणीची तारीख विचारा. मतविभागणी झालीच असेल, तर त्या दिवसाच्या चर्चेच्या अधिकृत वृत्तान्तात दोन्ही बाजूंच्या नावांची यादी मिळते.

समजा नोंद मिळाली. तरी ती खासदाराबद्दल कमी आणि पक्षाबद्दल जास्त सांगते. पक्षांतरबंदी कायदा १९८५ मध्ये आला, आणि तेव्हापासून पक्षादेश (व्हिप) मोडून मत देणाऱ्याचं सदस्यत्व जाऊ शकतं. प्रश्न विचारायला पक्षादेश लागत नाही. मत पक्षाचं असतं, प्रश्न त्या खासदाराचा असतो. त्यामुळे माणसाची कळकळ जोखायची तर प्रश्नच वाचावे लागतात.

विधेयकावरच्या चर्चेत ते बोलले का, त्यांनी सुधारणा सुचवली का, हे मात्र वृत्तान्तात जरूर बघा. आवाजी मतदानात जे हरवतं, त्यातलं थोडंफार भाषणात सापडतं.

पायरी ३: प्रश्न गोळा करा

संसद डॉट इन हे संसदेचं अधिकृत संकेतस्थळ. आपलं सभागृह निवडा आणि प्रश्नांच्या विभागात जा. सदस्याचं नाव, मंत्रालय, अधिवेशन आणि प्रश्नाचा प्रकार यांनुसार तिथे यादी गाळता येते. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या संकेतस्थळावर प्रत्येक खासदाराचं पान आहे. त्यावर हजेरी, चर्चेतला सहभाग, प्रश्न आणि खासगी विधेयकं (म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांनी मांडलेली) एकत्र दिसतात. सुरुवात तिथून करा आणि मूळ उत्तर संसदेच्या संकेतस्थळावर वाचा.

शोध कुठे अडकतो, तर शब्दांपाशी. शोधशब्द इंग्रजी स्पेलिंगनं टाका आणि एका शब्दावर थांबू नका. चाइल्ड, चिल्ड्रन, मायनर, सायबर, सोशल मीडिया, गेमिंग, डीपफेक, बुलिंग, पोर्नोग्राफी, एज व्हेरिफिकेशन, पॅरेंटल कन्सेंट असे सगळे शब्द आळीपाळीनं घालून पाहा. इथे एक बारकावा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्द वापरू नये, कारण त्यातून अत्याचाराचं गांभीर्य झाकलं जातं, असं सांगितलं. त्याऐवजी बालकांच्या लैंगिक शोषणाचं आणि अत्याचाराचं साहित्य अशा अर्थाची संज्ञा सुचवली. म्हणून जुने प्रश्न जुन्या शब्दानं सापडतील, नवे बहुधा नव्या.

दुसरी अडचण मंत्रालयांची. हा विषय एका खात्यात मावत नाही. ॲप आणि समाजमाध्यमांचे नियम इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे. सायबर गुन्ह्यांचं पोर्टल आणि १९३० ही मदतवाहिनी गृह मंत्रालयाकडे. पोक्सो आणि १०९८ ही बालकांची मदतवाहिनी महिला आणि बालविकास मंत्रालयाकडे. शाळेतलं सायबर शिक्षण शिक्षण मंत्रालयाकडे. एकाच खात्यात शोधलंत, तर काम करणारा खासदारही निष्क्रिय दिसेल.

वहीत प्रत्येक प्रश्नासाठी एक ओळ पुरे: तारीख, प्रश्न क्रमांक, तारांकित की अतारांकित (फरक पुढच्या पायरीत आहे), मंत्रालय आणि नेमकं काय विचारलं.

पायरी ४: प्रश्नाचा कस पाहा

लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात. राज्यसभेत १५ आणि १६०. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचं लेखी उत्तर पटलावर ठेवलं जातं. नावं सोडतीनं निघतात, म्हणून तारांकित प्रश्न मिळाला नाही याचा दोष खासदाराला देऊ नका. पण मिळाला आणि पुकारला गेला, तेव्हा ते सभागृहात होते का, उपप्रश्न काय विचारला, हे पाहाच. उपप्रश्न उत्तराच्या कागदावर नसतो, तो त्या दिवसाच्या वृत्तान्तात असतो. आयत्या वेळचा उपप्रश्न खासदाराची विषयाची तयारी जितकी उघड करतो, तितकं दुसरं काही करत नाही.

नुसती संख्या मोजू नका. एकच प्रश्न अनेक खासदारांच्या नावावर एकत्र केलेलाही असतो. मजकूर वाचा. ‘मुलांवरील ऑनलाइन धोके वाढत असल्याची सरकारला जाणीव आहे काय, असल्यास तपशील काय, आणि कोणती पावलं उचलली?’ हा साचा तुम्हाला पुन्हा पुन्हा दिसेल. त्याचं उत्तरही साच्यातलंच येतं: माहिती तंत्रज्ञान कायदा आहे, त्याखालचे २०२१ चे नियम आहेत, पोक्सो आहे, पोर्टल आहे, १९३० आहे, जनजागृती चालू आहे. शिवाय ‘पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यसूचीतील विषय आहेत’ हे वाक्य. यातलं खोटं काहीच नसतं, पण वाचून हाती नवीन काही लागत नाही.

चांगला प्रश्न मंत्र्याला आकडा, तारीख किंवा रक्कम द्यायला लावतो. कलम ६७ब खाली राज्यवार किती गुन्हे नोंदले गेले, किती प्रकरणांत आरोपपत्र गेलं, किती जणांना शिक्षा झाली? हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या अमेरिकी राष्ट्रीय केंद्राकडून संशयास्पद मजकुराच्या सूचना मिळाव्यात, यासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानं २०१९ मध्ये करार केला. त्या सूचनांपैकी महाराष्ट्राकडे किती आल्या, आणि पुढे काय झालं? असे दोन प्रश्न साच्यातल्या वीस प्रश्नांपेक्षा मोलाचे आहेत.

मी स्वतः एक कसोटी आवर्जून लावतो. डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. मुलांचा माग ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. हे मोडलं तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. हा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, आणि त्याचे नियम अधिसूचित व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. म्हणजे सव्वादोन वर्षं मुलांचं हे संरक्षण नुसतं कागदावर होतं. त्या काळात तुमच्या खासदारांनी ‘नियम कधी येणार?’ असं एकदा तरी विचारलं का? आणि नियम आल्यावरही मुलांविषयीच्या तरतुदींना आणखी १८ महिन्यांची मुदत दिली गेली, त्याबद्दल विचारलं का? या विषयाचा पाठपुरावा कुणी केला आणि कुणी केला नाही, हे एवढ्यानं लक्षात येतं.

पायरी ५: उत्तराचा माग काढा

‘माहिती गोळा केली जात आहे आणि ती पटलावर ठेवली जाईल’ असं उत्तर दिसलं, तर वहीत तिथे खूण करा. संसदेच्या भाषेत हे आश्वासन असतं आणि ते तीन महिन्यांत पुरं करणं अपेक्षित असतं. दोन्ही सभागृहांच्या आश्वासन समित्या त्यावर लक्ष ठेवतात. आश्वासन पुरं झालं का, हे त्यांच्या अहवालांत सापडतं. ते झालं नसेल आणि खासदारांनी तोच धागा पुढच्या अधिवेशनात पुन्हा पकडला असेल, तर त्या खासदाराला मी मनापासून दाद देईन.

पायरी ६: प्रश्नांपलीकडे

शून्य प्रहर, लोकसभेतल्या नियम ३७७ खालच्या सूचना आणि राज्यसभेतले विशेष उल्लेख हे सार्वजनिक महत्त्वाचा विषय सभागृहात मांडायचे इतर मार्ग. त्यांवरही एक नजर टाका. खासगी सदस्यांची विधेयकं क्वचितच कायदा होतात. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयकं मंजूर झाली आणि शेवटचं १९७० मध्ये. तरीही मसुदा वाचला की खासदारानं विचार किती खोल केलाय, ते समजतं.

समित्यांचं काम कॅमेऱ्यापुढे चालत नाही, म्हणून ते निसटतं. राज्यसभेत २०१९ च्या डिसेंबरात जयराम रमेश यांच्या अध्यक्षतेखाली १४ सदस्यांची एक तदर्थ म्हणजे तात्पुरती समिती नेमली गेली. विषय होता समाजमाध्यमांवरच्या अश्लील मजकुराचा मुलांवर आणि समाजावर होणारा परिणाम. तिनं २०२० मध्ये ४० शिफारशी केल्या. तो अहवाल जरूर वाचा. त्यातली एकेक शिफारस घेऊन ‘याचं काय झालं?’ असं विचारणं कोणत्याही खासदाराला जमण्यासारखं आहे. तुमचे खासदार दळणवळण आणि माहिती तंत्रज्ञानाच्या स्थायी समितीवर असतील, तर तिच्या अहवालांना जोडलेली बैठकांची इतिवृत्तं उघडा. कोण हजर होतं, ते तिथे दिसतं.

पोलीस राज्याचा विषय असल्यानं सायबर पोलीस ठाण्यांतलं मनुष्यबळ, तपासाला लागणारा वेळ यांसारखे प्रश्न विधिमंडळातच विचारता येतात. तिथे तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना पाहा आणि आपल्या आमदारांची वही वेगळी करा.

पायरी ७: प्रश्न त्यांच्या हाती द्या

वहीतली पानं रिकामी राहिली, तर थेट खासदारांना लिहा. प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच पत्र पाठवा. लोकसभेच्या नियमांनुसार प्रश्न साधारण १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा. त्यात युक्तिवाद, आरोप किंवा उपरोध नसावा, मत विचारू नये आणि विषय केंद्र सरकारच्या अखत्यारीतला असावा. तसाच तयार मसुदा दिलात, तर तो स्वीकारला जाण्याची शक्यता वाढते. उदाहरणार्थ:

“(क) डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातील मुलांविषयीच्या तरतुदी कोणत्या तारखेपासून लागू होतील, (ख) पालकांच्या संमतीची पडताळणी करताना मुलांची जादा माहिती गोळा होऊ नये यासाठी कोणती व्यवस्था केली आहे, (ग) ज्या पालकांकडे स्वतःचा स्मार्टफोन नाही, त्यांची संमती कशी घेतली जाईल?”

पत्रात खासदारांच्या मागच्या प्रश्नांचा क्रमांक आणि तारखेसह उल्लेख करा. प्रश्न विचारले नसतील, तर तेही साध्या शब्दांत लिहा. उत्तर आलं की पत्राची प्रत, प्रश्न क्रमांक आणि मंत्र्यांचं उत्तर वहीत एकाच पानावर चिकटवा. पुढच्या अधिवेशनाआधी तेच पान उघडायचं आहे.