हेडलाइट कमी पडतोय? एलईडी मागवायच्या आधी हे करून बघा

गणपती जवळ आले की रात्रीचं कोकणात निघणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला, लाइट कमी पडतोय, कुठला एलईडी टाकू? माझं उत्तर पण ठरलेलं, कुठलाच नको. हॅलोजनवाली (म्हणजे हेडलाइटला तारेचा, पिवळसर उजेडाचा बल्ब असलेली) गाडी आठ-दहा वर्षं जुनी असेल तर बहुतेक वेळा कंपनीने दिलेला उजेडच वाटेत कुठेतरी गळत असतो, आधी तो परत मिळवा मग बल्बचं बघू.

सुरुवात काचेपासून. आपण काच म्हणतो पण असतं ते पॉलीकार्बोनेट, वरचं यूव्ही कोटिंग उन्हाने गेलं की ते पिवळट धुरकट होतं, मग उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी तिथेच फाकतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. टूथपेस्टचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय, त्याने चमक येते आणि थोड्या दिवसांत जाते. नीट करायचं तर आजूबाजूच्या पेंटला मास्किंग टेप लावा, वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) ८०० नंबरचा मग १२०० मग २०००, पाणी मारत मारत, प्रत्येक वेळी आधीच्या नंबरचे ओरखडे जाईपर्यंत. मध्येच काच पार दुधाळ दिसते, घाबरू नका, कंपाउंडने पॉलिश केलं की साफ होते. शेवटी यूव्ही क्लिअर कोट मारायचाच, लोक हीच स्टेप टाळतात आणि वर्षभरात परत रडतात. आतून पिवळी असेल किंवा आत पाणी साठत असेल तर मात्र असेंब्लीच, म्हणजे अख्खा हेडलाइट बदला. आणि हो, विंडशील्ड आतून पण पुसा, डॅशबोर्डच्या प्लास्टिकचा जो पातळ थर काचेवर बसतो ना तो दिवसा दिसत नाही, रात्री समोरून ट्रक आला की कळतो.

मग हेडलाइटचा झोत म्हणजे बीम वर-खाली करणारं ते छोटं चाक, बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगच्या उजव्या हाताला खाली असतं, ० ते ३ आकडे. ० म्हणजे बीम सगळ्यात वर, ३ म्हणजे सगळ्यात खाली. एकटे असाल तर ०, मागे माणसं आणि डिकी सामानाने भरलेली असेल तर २ किंवा ३. किती जण ३ वर ठेवून वर्षानुवर्षं "या गाडीचे लाइटच खराब" म्हणत फिरतात, एकदा बघून घ्या.

आता सेटिंग. सपाट जागा आणि भिंत शोधा, टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हर सीटवर एक माणूस, चाक ० वर. हेडलाइट भिंतीपासून ५ मीटरवर ठेवा आणि हेडलाइटच्या मध्याची उंची जमिनीपासून मोजून भिंतीवर टेपने मार्क करा. लो बीमची (डिपर मारल्यावरच्या खालच्या झोताची) वरची कड त्या मार्कच्या साधारण ५-६ सेंटिमीटर खाली हवी. हेडलाइटवर किंवा बॉनेटखाली कंपनीने १ किंवा १.२ असा टक्का छापलेला असतो, तोच धरायचा, १ टक्का म्हणजे ५ मीटरला ५ सेंटिमीटर. आपल्याकडे ती कड डाव्या बाजूला वर चढलेली दिसली पाहिजे म्हणजे रस्त्याची डावी कड लांबपर्यंत दिसते. उजवीकडे चढत असेल तर ते असेंब्ली रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशासाठीचं आहे, स्वस्तात मिळालं म्हणून लावू नका. हेडलाइटच्या मागच्या बाजूला दोन स्क्रू असतात, एक वर-खाली, एक डावा-उजवा. एका वेळी एकच दिवा सेट करा, दुसऱ्यासमोर पुठ्ठा धरा.

खरी मजा व्होल्टेजमध्ये आहे. हॅलोजनला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं तर उजेड जवळपास ३० टक्क्यांनी कमी होतो. जुन्या बऱ्याच छोट्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट कॉम्बिनेशन स्विचमधून (स्टिअरिंगजवळच्या लाइटच्या दांडीतून) जातो, वायर बारीक, अर्थिंगचा बोल्ट गंजलेला. इंजिन चालू, लाइट चालू, मल्टिमीटरने आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या कनेक्टरवर मोजा. एक-दीड व्होल्टचा फरक आला तर अर्थिंग घासून साफ करा, तरी फरक राहिला तर रिले (छोट्या करंटवर चालणारा स्विच) असलेला वायरिंगचा तयार जोड, म्हणजे रिले हार्नेस टाका. त्यात बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर थेट बल्बला येते, जुनी वायर फक्त रिलेला इशारा देते. कंपनीचं कनेक्टर न कापता बसणाराच हार्नेस घ्या. नवीन गाड्यांत लाइट कंप्युटरवरून चालतात, तिथे मात्र हात घालू नका, वॉरंटी जाईल.

एवढं करूनही कमी वाटलं तर बल्ब. एच४ (हाय आणि लो बीम दोन्ही एकाच बल्बमध्ये) असेल तर ६०/५५ वॅटचाच. १००/९० दुकानात सर्रास मिळतो पण कायद्यात बसत नाही, शिवाय होल्डर वितळवतो आणि रिफ्लेक्टर काळा करतो. त्याच वॅटमध्ये फिलिप्स एक्सट्रीम व्हिजन किंवा ऑसराम नाइट ब्रेकर असे बल्ब येतात, फिलामेंट (बल्बमधली तार) बारीक आणि नेमकं असल्यामुळे उजेड लांब जातो. पाकिटावरचं १३० टक्के, १५० टक्के जास्त हे बीममधल्या ठरावीक जागेचं असतं, फार मनावर घेऊ नका, पण फरक दिसतो. निळसर काचेचे टाळा, दिसायला पांढरे, उजेड उलट कमी. जोडीनेच बदला आणि बल्बच्या काचेला बोट लावू नका.

एलईडी का नको? एच४ मध्ये लो बीमच्या फिलामेंटखाली एक छोटी वाटी असते, तिच्यामुळेच वरची कड कापलेली पडते. रिफ्लेक्टर त्या फिलामेंटच्या जागेवर बेतलेला असतो, एलईडीची चिप त्या जागी तंतोतंत बसत नाही, मग गाडीसमोरचा रस्ता लख्ख आणि लांबचं काहीच नाही. समोरच्याला झगमगाट तो वेगळाच. मोटार वाहन नियम १०६ सांगतो की ८ मीटरवर दीड मीटर उंचीवरच्या डोळ्यांना बीमने दिपवता कामा नये. आणि परवानगीत न बसणाऱ्या फेरफाराला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ए प्रमाणे प्रत्येकी ५००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

जास्त उजेडाच्या बल्बचं आयुष्य कमी असतं, म्हणून काढलेले जुने चालू बल्ब फेकू नका, फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवा, ताम्हिणीत रात्री दोन वाजता दुकान उघडं नसतं.