पाच वॅटचा रेडिओ मुका वाटतोय? आधी या चुका टाळा

गच्चीवर तार बांधली, यासू कंपनीचा एफटी-८१८ हा बोलण्या-ऐकण्याचा छोटा रेडिओ चालू केला, ७ मेगाहर्ट्झवर नॉब फिरवला आणि अर्धा तास नुसती खरखर ऐकली. रविवारची सकाळ, म्हणजे ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झचा पट्टा; नाव लहरीच्या लांबीवरून) हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींच्या गप्पांचा फड रंगलेला असणार. मला मात्र एकही आवाज नाही. रेडिओ बिघडलाय असं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. मग मागची बाजू पाहिली.

या रेडिओला अँटेनाची दोन तोंडं आहेत: पुढे बीएनसी सॉकेट, मागे जाडसर एसओ-२३९ सॉकेट. कारखान्यातून येताना एचएफ बँड (३० मेगाहर्ट्झच्या खालचे, ७ मेगाहर्ट्झ त्यातलाच) मागच्या तोंडावर असतात, त्याहून वरचे व्हीएचएफ-यूएचएफ पुढच्या. माझी तार पुढे होती. मेनू क्रमांक ७ मध्ये हे बदलता येतं. नुसतं ऐकताना ही चूक वेळच खाते, पण पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबलात तर रिकाम्या सॉकेटमध्ये प्रसारण होतं. पडद्यावर ‘एचएसडब्ल्यूआर’ (एसडब्ल्यूआर जास्त, म्हणजे अँटेनाकडून बरीच पॉवर परत येतेय) दिसलं की लगेच बोट काढा.

तेव्हापासून नवशिक्यानं ‘माझा क्यूआरपी (कमी पॉवरचा) सेट कमजोर आहे’ म्हटलं की मी आधी त्याची तार बघतो, मग सेटिंग. वॅटचा नंबर शेवटी.

वॅटचा बाऊ

१०० वॅटवरून ५ वॅटवर आलात की १३ डेसिबल कमी होतात, म्हणजे एस-मीटरवर (येणाऱ्या सिग्नलचा जोर दाखवणारा मीटर) साधारण दोन घरं. जिथे तुम्ही एस-९ ऐकू गेला असता तिथे एस-७ जाल, आणि शांत बँडवर एस-७ म्हणजे आरामात गप्पा. एक मात्र तपासा. आतल्या बॅटरीवर हा सेट मुळात अडीच वॅटवर सुरू होतो. पूर्ण ६ वॅट १३.८ व्होल्टच्या बाहेरच्या पुरवठ्यावर मिळतात. आतली बॅटरी ९.६ व्होल्ट, १९०० मिलीअँपिअर-तास. नुसतं ऐकायलाच अर्ध्या अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, त्यामुळे तिच्या भरवशावर दिवसभराचा बेत आखू नका.

बाहेरून चार सेलची लिथियम फेरोफॉस्फेट बॅटरी उत्तम. तारेत फ्यूज घाला आणि लाल-काळं जोडण्याआधी मल्टिमीटर लावा. घरात पडलेल्या लॅपटॉपच्या चार्जरची पिन कशीबशी बसवायचा मोह होतो. तो १९ व्होल्टचा असतो आणि या सेटची मर्यादा १६ व्होल्टच्या आत आहे.

खरी गोम तारेत

सोबत येणारी काळी रबरी काडी ५०, १४४ आणि ४३० मेगाहर्ट्झसाठी आहे. तिच्यावर ७ मेगाहर्ट्झ चालवणं म्हणजे चमच्यानं विहीर उपसणं. ४० मीटरचा अर्धतरंग डायपोल (मधून जोडलेली, दोन सारख्या हातांची तार) सुमारे २० मीटर लांब होतो, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. १४.२ मेगाहर्ट्झसाठी पाच-पाच मीटर पुरतात. तार थोडी लांब कापा, टांगा, मोजा, मग बोट-बोटभर छाटत या. आखूड कापलेली तार लांब होत नाही, हे मी दोनदा शिकलोय.

गच्चीवर किंवा डोंगरावर मासेमारीचा फायबरचा दांडा सगळ्यात सोयीचा. मध्य वर, दोन्ही टोकं खाली, उलटा व्ही. एका टोकाला ४९:१ ट्रान्सफॉर्मर लावून वीस मीटरची तार सोडली तर ४०, २०, १५ आणि १० मीटर हे चारही बँड मिळतात. पण तिथे कोॲक्सची (रेडिओ ते अँटेना जाणाऱ्या केबलची) बाहेरची जाळीही अँटेनाचा भाग होऊन बसते. रेडिओला हात लावला की एसडब्ल्यूआर हलतो, तो त्यामुळे.

पिशवी हलकी व्हावी म्हणून लोक बारीक आरजी-१७४ केबल घेतात. दहा मीटर केबलमध्ये १४ मेगाहर्ट्झला एक डेसिबलहून जास्त जातं, म्हणजे मोजक्या पाच वॅटमधला एक वॅट तरी वाटेतच ऊब होऊन संपतो. ट्यूनरनं (रेडिओ आणि अँटेना जुळवून देणाऱ्या पेटीनं) हे भरून निघत नाही. ट्यूनर रेडिओची समजूत काढतो, केबलची नाही. (या सेटमध्ये ट्यूनर नाहीच.)

एसडब्ल्यूआर बघताना आणखी एक गंमत होते. एसएसबीवर (एचएफवर बोलण्याची नेहमीची पद्धत) पीटीटी दाबून गप्प बसलात तर वाहक लहरच निघत नाही, मीटर शून्य दाखवतो आणि आपण खूश! सीडब्ल्यू (मोर्स) किंवा एफएमवर जाऊन कमी पॉवरनं तपासा. आधी तिथे कुणी बोलत नाही ना, ते ऐका.

ऐकू येत नसेल तर

शहरात एलईडी दिवे, इन्व्हर्टर, लिफ्ट यांचा गोंगाट एस-७ पर्यंत सहज चढतो. घरचा मेन स्विच बंद करून रेडिओ बॅटरीवर लावा. खरखर कमी झाली तर चोर घरातच आहे. ७ मेगाहर्ट्झवर प्रीॲम्प्लिफायरची (आलेला सिग्नल आधीच वाढवणाऱ्या भागाची) गरज क्वचितच पडते, मेनूतलं आयपीओ लावून तो बंद केला की कान मोकळे होतात. डोंगर निवडतानाही मनोऱ्यांपासून लांब बसा. सिंहगडावर दूरदर्शनच्या मनोऱ्याच्या पायथ्याशी तार ताणण्यापेक्षा गडाची दुसरी कड बरी.

आवाज बदकासारखा येत असेल तर साइडबँड उलटा आहे (एसएसबीत खालची, एलएसबी, किंवा वरची, यूएसबी, अशी एकच बाजू वापरतात). १० मेगाहर्ट्झच्या खाली एलएसबी, वर यूएसबी. आणि माइकमध्ये ओरडू नका. या सेटमध्ये स्पीच कॉम्प्रेसर नाही हे खरं, पण ओरडून पॉवर वाढत नाही, नुसता आवाज फाटतो.

तासभर सीक्यू (‘कुणी बोलणार का?’ अशी सगळ्यांना हाक) पुकारत बसणं हाही पहिल्या दिवसाचा हमखास हट्ट. त्यापेक्षा बँडवर फिरा, जोरात ऐकू येणारं स्टेशन शोधा, त्याचा सीक्यू संपला की कॉलसाइन (परवान्यावरचं तुमचं रेडिओ-नाव) एकदाच स्वच्छ सांगा. एफटी-८ वर (संगणकावरून छोटे संदेश पाठवायची पद्धत) १४.०७४ मेगाहर्ट्झला अडीच वॅटही लांब जातात. फक्त तिथे पंधरा सेकंदांच्या खेपा असतात आणि खेप संपेपर्यंत पूर्ण जोर लागतो, म्हणून पॉवर कमी ठेवा आणि सेट उन्हात ठेवू नका.

गडावर परवान्याची प्रत जवळ असू द्या. तार बघून लोक जमतातच, आणि ‘यावरून चीनशी बोलता येतं का?’ हा प्रश्न ठरलेला. विजेच्या तारांजवळ दांडा उभारू नका. वळवाच्या दिवसांत ७ मेगाहर्ट्झवर कडकड वाढायला लागली, की आकाश निळं दिसत असलं तरी केबल काढा आणि दांडा खाली घ्या.