आमसुलं घरी करायची तर पुटं चुकवू नका

टोमॅटो कोकणी स्वयंपाकघरात रुळला तो अलीकडे. त्याआधी आंबटपणाची सगळी भिस्त चिंच, कैरी, बिंबली आणि रातांब्यावर, म्हणजे कोकमाच्या फळावर. पैकी रातांबा वर्षभर टिकतो तो आमसुलांच्या रूपात. बाजारात हल्ली बरीच आमसुलं म्हणजे नुसती खारवून वाळवलेली सालं असतात. खरं आमसूल आपल्याच रसाची पुटं पिऊन, म्हणजे रसात पुन्हा पुन्हा बुडून आणि वाळून, काळं होतं.

रातांबे एप्रिल-मेमध्ये पिकतात. पूर्ण लाल-जांभळे झालेलेच घ्या. हिरवट साल कितीही वाळवा, रंग धरत नाही. पहिल्या पावसानंतरचं फळ पाणचट असतं आणि त्याला अळीही लागते, ते सरबतालाही घेऊ नये.

5 किलो रातांबे धुऊन, कोरडे पुसून अर्धे कापा. सालं आणि गर-बिया वेगळ्या करा. दोन्ही साधारण निम्मे-निम्मे निघतात. गराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं जाडं मीठ, म्हणजे अडीच किलोला 250 ग्रॅम, गरात कालवून चिनी मातीच्या बरणीत झाकून ठेवा. अॅल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं पितळ अजिबात नको, आम्ल धातू खातं. दुसऱ्या दिवशी भरपूर रस सुटलेला दिसेल.

सालं मात्र पहिल्याच दिवशी कडक उन्हात पसरा, आतली बाजू वर करून. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी ती या रसात बुडवायची, रात्रभर मुरू द्यायची, सकाळी निथळून पुन्हा उन्हात. असं निदान पाच-सहा वेळा. कंटाळून दोन पुटांवर थांबलात तर साल तांबूस, चामट राहते आणि आमटीत चार घातली तरी चव उतरत नाही. शेवटच्या पुटानंतर दोन-तीन दिवस नुसतं ऊन द्या. तयार आमसूल काळपट, चकचकीत असतं. दुमडलं तर वाकतं, मोडत नाही. मोडलं तर ऊन जास्त झालं.

मळभ आलं की सालं रसातच राहू द्या, ओलसर पसरून ठेवली की बुरशी हमखास. बरणीतल्या आमसुलांवर पांढरं दिसलं तर चिमटीत घासून पाहा: खरखरीत लागलं तर मीठ आहे, मऊ लव आणि कुबट वास असेल तर सगळी बरणी टाका.

आमटीत किंवा माशाच्या सारात आमसूल शेवटच्या उकळीला घाला आणि मीठ त्यानंतर चाखून. आमसुलाचं स्वतःचं मीठ असतंच. नारळाचं दूध घातलं असेल तर आच मंद हवी, आंबटामुळे ते फुटायला वेळ लागत नाही.

उरलेला रस गाळलात की आगळ. ते वर्षभर ठेवायचं तर मीठ वाढवा. बिया फेकू नका. धुऊन वाळवून कुटा, पाण्यात उकळा, वर तरंगणारं तेल निवल्यावर थिजतं. ते काढून मुठीत वळलं की मुठेल तयार, भेगाळलेल्या टाचांवर किंचित गरम करून लावायचं.