लिफ्टचा जर्क मोबाइलने कसा मोजावा

वेग बदलण्याचा दर म्हणजे त्वरण, हे शाळेत सर्वांनीच शिकलेले असते. त्वरण बदलण्याच्या दराला जर्क म्हणतात आणि तो मीटर प्रति सेकंद घन, म्हणजे मी/से³, या एककात मोजतात. सौम्य आणि स्थिर त्वरणाची शरीराला फारशी तक्रार नसते, कारण थोडा वेळ मिळाला की स्नायू त्याच्याशी जुळवून घेतात. तोल जातो तो त्वरण एकदम सुरू झाल्यावर किंवा एकदम संपल्यावर. बस पूर्ण थांबते त्या क्षणी ब्रेकचे बल अचानक नाहीसे होते आणि त्याला तोंड देण्यासाठी मागे रेललेले उभे प्रवासी मागच्या मागे कोलमडतात, ते याचमुळे.

जर्क मोजण्याचा सराव लिफ्टमध्ये करावा. तिथे हालचाल एकाच उभ्या रेषेत होते आणि रस्त्याचे हादरेही नसतात.

पायरी १. जर्मनीतील आखेन येथील तंत्र विद्यापीठाने तयार केलेले ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप मोबाइलवर घ्यावे. त्यात त्वरणाचे दोन पर्याय दिसतात, गुरुत्वाकर्षणासह आणि गुरुत्वाकर्षणाविना. दुसरा पर्याय सोपा वाटला तरी पहिलाच निवडावा, कारण दुसऱ्यात फोन स्वतः आकडेमोड करून गुरुत्वाकर्षण वजा करतो आणि त्यात स्वतःच्या चुका मिसळतो. आपल्याला तशी वजाबाकी करण्याची गरजच नाही; ९.८ मी/से² हा आकडा स्थिर असल्यामुळे बदलाचा दर काढताना तो आपोआप गळून पडतो.

पायरी २. फोन लिफ्टच्या जमिनीवर सपाट ठेवावा. हातात धरल्यास लिफ्टऐवजी मनगटाचा जर्क मोजला जाईल. नोंद सुरू करून पाच-दहा सेकंद थांबावे, मग सात-आठ मजले सलग वर जावे आणि लिफ्ट थांबल्यावरही काही सेकंद नोंद चालू ठेवावी. दोन्ही टोकांच्या या स्थिर भागांवरून सेन्सरचे आकडे मुळात किती थरथरतात ते कळते.

पायरी ३. नोंद स्प्रेडशीटमध्ये उघडून वेळ आणि उभ्या अक्षावरचे त्वरण एवढे दोनच स्तंभ ठेवावेत. इथे बहुतेक जण लागोपाठच्या दोन आकड्यांतील फरकाला मधल्या वेळाने भागतात आणि हाती निव्वळ गोंगाट येतो. समजा, सेन्सर सेकंदाला १०० नोंदी घेतो आणि प्रत्येक नोंदीत ०.०२ मी/से² एवढीच चूक आहे. ही चूक ०.०१ सेकंदाने भागली की २ मी/से³ एवढा खोटा जर्क तयार होतो, आणि चांगल्या लिफ्टचा खरा जर्क साधारणतः १ ते २ मी/से³ च्या दरम्यान असतो! म्हणून स्प्रेडशीटमधील ‘स्लोप’ हे सूत्र वापरावे: सलग ३० नोंदींतून सर्वांत जुळणाऱ्या सरळ रेषेचा उतार काढावा आणि तोच मधल्या क्षणाचा जर्क मानावा. चुका परस्परांपासून स्वतंत्र असतील तर खोटा जर्क ०.०४ च्या आसपास उतरतो. यंत्राची खरी कंपने असतील तर एवढा फायदा होत नाही. ही खिडकी, म्हणजे एका वेळी घेतलेल्या सलग नोंदींचा पट्टा, फार रुंद मात्र करू नये, कारण ३०० नोंदी घेतल्या तर जर्कचे शिखरच सपाट होऊन जाईल.

पायरी ४. आलेख वाचावा. वर जाताना आधी एक धन शिखर दिसते, कारण त्वरण वाढत असते. मग ऋण शिखर, कारण वेग गाठत आल्यावर त्वरण शून्याकडे येते. थांबताना हाच क्रम उलटतो. पडताळणी सोपी आहे: त्वरण ०.८ सेकंदात शून्यापासून ०.८ मी/से² पर्यंत चढले असेल, तर सरासरी जर्क १ मी/से³ यायलाच हवा.

हीच रीत रेल्वेत वापरायची असेल तर फोनचा आडवा अक्ष पाहावा आणि हादरे जास्त असल्यामुळे खिडकी सुमारे एक सेकंदाची घ्यावी. भारतीय रेल्वेच्या वळणांविषयीच्या नियमांत मर्यादा थेट जर्कमध्ये दिलेली नाही. वळणावर बाहेरच्या रुळाला दिलेली उंची गाडीच्या वेगाला जेवढी अपुरी पडते, ती तूट सामान्यतः सेकंदाला ३५ मिलिमीटरपेक्षा वेगाने वाढू नये, असे तिथे सांगितले आहे. या तुटीमुळे प्रवाशांना आडवे त्वरण जाणवते; ब्रॉडगेजवर तूट वाढण्याच्या दराला रुळांच्या मध्यरेषांतील १७५० मिलिमीटर अंतराने भागून ९.८ ने गुणले की हा दर सुमारे ०.२ मी/से³ होतो, म्हणजे लिफ्टपेक्षा बराच कमी. सरळ रूळ आणि वळण यांच्यामध्ये हळूहळू वाकत जाणारा संक्रमण वक्र टाकतात तो यासाठीच. ७५ मिलिमीटर तूट आणि ताशी १०० किलोमीटर वेग असेल तर त्याची लांबी सुमारे ६० मीटर लागते. डबा स्प्रिंगवर बाहेरच्या बाजूला कलतो, त्यामुळे फोनवरचा आकडा थोडा जास्त दिसू शकतो.

हाताच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्यांनी वेगळी वाट धरली. फ्लॅश आणि होगन या संशोधकांनी १९८५ मध्ये असे मांडले की, एका बिंदूकडून दुसऱ्याकडे जाताना हात एकूण जर्क, म्हणजे त्याच्या वर्गाची बेरीज, कमीत कमी राहील असा मार्ग घेतो. या गृहीतकानुसार कमाल वेग सरासरीच्या १.८७५ पट येतो. वेग मोजून ही पट तपासता येते, जर्कला हात लावावा लागत नाही.

विश्वाच्या प्रसरणालाही जर्क आहे. सपाट विश्वात द्रव्य आणि वैश्विक स्थिरांक (रिकाम्या अवकाशाची न बदलणारी ऊर्जा) एवढेच असतील, तर जर्कचे एककरहित माप सर्वकाळ १ राहते. ते १ पासून ढळलेले आढळले, तर प्रसरण वेगवान करणाऱ्या कृष्ण ऊर्जेविषयीचे हे साधे गणित बदलावे लागेल. हे प्रसरण ज्यांवरून मोजतात त्या दूरच्या सुपरनोव्हांच्या, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्यांच्या, अंतरांतील चुका लिफ्टमधल्या सेन्सरपेक्षा कितीतरी मोठ्या असतात, त्यामुळे तिथेही लागोपाठच्या आकड्यांतील फरक घेत नाहीत. सर्व नोंदींवर एकच सलग वक्र बसवतात आणि जर्क त्यातून काढतात.